अ‍ॅक्शन मंगा: नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी?

पानगळ (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. 'डीमन स्लेयर' आणि 'अटॅक ऑन टायटन' हे दोन अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) बघून झालेत, मंगा (जपानी चित्रकथा) मात्र एकही वाचलेली नाही. आता कागदावरची मारामारी वाचायची आहे. अपेक्षा अशा: मालिका पूर्ण झालेली असावी, शक्यतो तीस खंडांच्या आत असावी, आणि कोण कुणाला कुठे मारतंय ते चित्रात कळावं. नुसते स्फोट आणि किंकाळ्या नकोत. छापील घ्यावी की फोनवर वाचावी, तेही सांगा. रक्तपात चालेल, पण उगाच केलेला नको. इंग्रजी भाषांतर वाचणार आहे.

शाईदौत
'फुलमेटल अल्केमिस्ट'. हिरोमु अराकावा, २००१ ते २०१०, २७ खंड, पूर्ण. तुमच्या सगळ्या अटींत बसते.

नव्या वाचकाला हीच का द्यावी, तर हिच्यात मारामारीचे नियम आधी सांगितले जातात आणि मग ते शेवटपर्यंत पाळले जातात. काही मिळवायचं तर तेवढ्याच मोलाचं द्यावं लागतं. किमयेच्या तीन पायऱ्या: वस्तू कशाची बनली आहे ते ओळखणं, ती मोडणं, नव्याने घडवणं. स्कार नावाचा माणूस दुसऱ्या पायरीवरच थांबतो, म्हणून त्याचा हात लागला की समोरचं फुटतं. कर्नल मस्टँगची आग हातमोज्यांच्या ठिणगीवर चालते, म्हणून पाऊस पडला की तो हतबल. हे एकदा समजलं की पुढच्या लढाईत पात्रांच्या बरोबरीने आपणही डावपेच आखायला लागतो. ताकद वाढली म्हणून जिंकला, असं इथे क्वचित होतं. डोकं चाललं म्हणून जिंकला, असं बऱ्याचदा.

भिंगरी
शाईदौत, +१. एक पुरवणी: पहिल्या दोन खंडांवरून मत बनवू नका. सुरुवातीला 'या गावात गेले, त्या गावात गेले' असं चालतं. चौथ्या खंडात गोष्टीचं वजन बदलतं आणि मग ती हातातून सुटत नाही. काय होतं ते कुणीही इथे लिहू नका, कृपया!

घाटमाथा
मी वेगळं सांगेन. डीमन स्लेयर बघितलंय ना? मग त्याचीच मंगा घ्या. कोयोहारु गोतोगे, २०१६ ते २०२०, २३ खंड, २०५ प्रकरणं, पूर्ण. गोष्ट माहीत असली की उजवीकडून डावीकडे वाचायची सवय पटकन होते, कारण निम्मं लक्ष कथेत अडकत नाही.

तिरकी_चौकट
घाटमाथा, सवयीचा मुद्दा बरोबर, पण निवड पटली नाही. डीमन स्लेयरच्या लढाया पडद्यावर ज्या दिसतात त्यात अ‍ॅनिमे बनवणाऱ्या युफोटेबल स्टुडिओची भर फार मोठी आहे. कागदावर गोतोगेंचं बळ चेहऱ्यांत आणि भावनेत आहे. तलवारबाजीत मात्र चौकटी दाटीवाटीच्या होतात. वार सुरू झालेला दिसतो, मग डोळ्यांचा क्लोजअप, मग एकदम परिणाम. मधलं अंतर वाचकाने भरायचं. अ‍ॅनिमे आधी पाहिलेल्याला ते फिकं वाटेल, आणि मंगातली अ‍ॅक्शन अशीच असते असा चुकीचा ग्रह होईल.

लढाई 'कळली पाहिजे' ही अट असेल तर अकिरा तोरियामांचं 'ड्रॅगन बॉल' काढा. १९८४ ते १९९५, ५१९ प्रकरणं, ४२ खंड. तीसच्या वर जातं खरं. पण व्हिझ या प्रकाशकाने इंग्रजीत पहिली १९४ प्रकरणं १६ खंडांत 'ड्रॅगन बॉल' म्हणून काढली आणि उरलेली २६ खंडांत 'झी' जोडून. पहिले १६ वाचून थांबलात तरी गोष्ट अर्धवट वाटत नाही.

तोरियामा एक गोष्ट काटेकोर पाळतात. एका चौकटीत नायक गोकू उजवीकडे असेल तर पुढच्या चौकटीत तो विनाकारण डावीकडे जात नाही. गेलाच, तर उडी किंवा वळण दाखवतात. ठोसा बऱ्याचदा वाचनाच्या दिशेनेच जातो, उजवीकडून डावीकडे, त्यामुळे डोळा आणि मूठ एकाच वेगाने सरकतात. उलट दिशेने आलेला वार मग अडथळ्यासारखा लागतो, तोही मुद्दाम. पार्श्वभूमी जवळपास रिकामी, म्हणून शरीरांची रेषा स्वच्छ दिसते. या पानांवर डोळा तयार झाला की इतर कुठलीही अ‍ॅक्शन मंगा सोपी जाते.

सूचना: सुरुवातीच्या खंडांतले मुलींवरचे विनोद आज खटकतात. ते पुढे कमी होतात, पण आहेत.

एचबी_पेन्सिल
तोरियामांच्या साधेपणाबद्दल एक माहिती. सुपर सायन (ताकद वाढलेलं रूप) झाल्यावर गोकूचे केस काळ्याचे पांढरे दिसतात, त्यामागे एक कारण व्यवहाराचं होतं: मदतनिसाचा दर आठवड्याला केसांत काळी शाई भरण्याचा वेळ वाचावा. हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. आठवड्याला साधारण पंधरा पानं द्यायची म्हणजे असाच हिशेब लागतो.

पानगळ
वाचनाचा क्रम नीट समजावून सांगाल का कुणी? नमुन्याची पानं चाळली. उजवीकडून सुरू करायचं हे ठीक, पण चौकटी तिरप्या कापलेल्या असल्या की पुढे खाली जायचं की डावीकडे, तिथे अडायला होतं.

तिरकी_चौकट
चौकटींमधल्या पांढऱ्या पट्ट्या बघा. आडवी पट्टी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेली असेल, तर तिच्या वरचं सगळं आधी संपवायचं, मग खाली यायचं. उभी पट्टी अखंड असेल तर उजव्या बाजूचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचायचा, मग डावीकडचा. तिरप्या पट्टीलाही हाच नियम, फक्त ती कुठल्या दोन कडांना टेकते ते बघायचं. नीट आखलेल्या पानावर आडव्या पट्ट्या जरा जाड असतात आणि उभ्या बारीक. ही खूण एकदा लक्षात आली की गोंधळ बराच कमी होतो.

चौकटीच्या आत संवादाचे फुगे: सगळ्यात वरचा आणि उजवीकडचा आधी. दोन फुगे शेपटीने जोडलेले असतील तर ते एकाच माणसाचं बोलणं.

चौकटींबाहेरची जागा काळी रंगवलेली दिसली तर बहुधा भूतकाळ चालू आहे. ही खूण हुकली की 'मेलेला माणूस परत कसा आला' असा प्रश्न पडतो.

आणि अ‍ॅक्शनचं पान दोनदा वाचा. पहिल्यांदा फक्त चित्रं, न थांबता. दुसऱ्यांदा शब्द. आधी शब्द वाचले तर लढाईचा वेग मरतो, कारण चित्रकाराने तो चौकटींच्या आकारात बसवलेला असतो: लहान, लहान, लहान आणि मग अख्खं पान.

रातराणी
अतिशय उपयोगी प्रतिसाद. आवाजाची अक्षरंही यात धरा. चित्रात घुसलेली ती मोठी जपानी अक्षरं अनेक आवृत्त्यांत तशीच ठेवतात आणि शेजारी बारीक इंग्रजी देतात. ते बारीक अक्षर दर वेळी वाचायला हवं असं नाही. जपानी अक्षर कुठल्या दिशेला कललंय, टोकदार आहे की गोलसर, फुटलेलं आहे की सलग, हे बघितलं तरी आवाज कळतो.

घाटमाथा
वन पीसचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

भिंगरी
कारण पानगळ यांनी 'पूर्ण' आणि 'तीसच्या आत' लिहिलंय, आणि वन पीस १९९७ पासून चालू आहे, शंभराच्या वर खंड! ओडांची मालिका मला प्राणप्रिय आहे, पण या अटींवर ती नाही बसत.

घाटमाथा
मान्य. तरी चाचणीपुरता मार्ग सांगून ठेवतो: अकराव्या खंडापर्यंत वाचा. आर्लाँग पार्कचं प्रकरण तिथे संपतं. तोवर मन गुंतलं नाही तर सोडून द्या, 'पुढे छान होतं' म्हणून ओढत बसू नका. तसंच 'नारुतो': पूर्ण ७२ खंड, पण पहिला टप्पा २७ व्या खंडावर संपतो आणि तिथे थांबायला चांगली जागा आहे.

अर्धविराम
छापील की फोन, या प्रश्नाकडे येतो.

फोनवर दोन अ‍ॅप आधी बघा. शुएशा या जपानी प्रकाशकाचं 'मंगा प्लस' २०१९ पासून आहे, त्यात मालिकेची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं मोफत असतात. व्हिझचं 'शोनेन जंप' अ‍ॅप भारतात चालतं. मासिक वर्गणी भरली की जुनी पूर्ण मालिका उघडते, दिवसाला १०० प्रकरणांची मर्यादा. दोन्हीकडे शुएशाच्याच मालिका आहेत. म्हणजे ड्रॅगन बॉल, नारुतो, डीमन स्लेयर मिळतील. फुलमेटल स्क्वेअर एनिक्स या दुसऱ्या प्रकाशकाची आहे, ती तिथे शोधू नका.

फोनची खरी अडचण जोडपानाची. लढाईतला निर्णायक फटका बऱ्याचदा समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून काढलेला असतो. फोन उभा धरला की त्याचे दोन तुकडे होतात, आणि उजवा तुकडा आधी येतो. अशा पानावर फोन आडवा करा. टॅब्लेट असेल तर प्रश्नच नाही. दुसरं, करड्या छटा म्हणजे बारीक ठिपके असतात. झूम अर्धवट असला की त्या ठिपक्यांवर लाटांसारखी जाळी उठते. फाइल बिघडलेली नाही. झूम थोडा कमी-जास्त केला की जाते.

एचबी_पेन्सिल
छापील घेताना दोन गोष्टी तपासा.

पहिली, आवृत्ती. फुलमेटल सुट्या २७ खंडांत आहे, तीन-एकत्र प्रकारात ९ जाड पुस्तकांत आहे, आणि कडक बांधणीच्या 'फुलमेटल एडिशन'मध्ये १८. तीन-एकत्र स्वस्त पडते, पण कागद हलका आणि कणा जाड. ती पूर्ण उघडत नाही, त्यामुळे जोडपानाचा मधला भाग बांधणीत बुडतो. जोर लावून उघडलं तर कण्यावर पांढऱ्या रेघा उमटतात आणि पुढे पानं सुटतात. नवं पुस्तक आधी मधोमध न उघडता दोन्ही टोकांकडून थोडी थोडी पानं दाबत मध्यापर्यंत या.

दुसरी, बनावट प्रती. लोकप्रिय मालिकांच्या नकला रस्त्यावरही मिळतात आणि ऑनलाइनही. ओळखायच्या अशा: करड्या छटांचे काळे डाग झालेले असतात, कारण छापील प्रत स्कॅन करून पुन्हा छापलेली असते. बारीक वेगरेषा एकमेकींत मिसळून जातात. कडेचे फुगे कापले जातात. कण्यावरची नावं खंडागणिक वरखाली होतात. अ‍ॅक्शन मंगात याचा फटका सगळ्यात जास्त, कारण वेगरेषा गेल्या की माणूस धावतोय की उभा आहे तेच कळत नाही. किंमत संशयास्पद कमी असेल तर विक्रेत्याकडे आतल्या पानाचा फोटो मागा, मुखपृष्ठाचा नको.

कोकणकडा
अवांतर, पण मुंबई-कोकणवाल्यांना गरजेचं. मंगाचा कागद ओल पटकन धरतो. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. पुस्तकं ठासून भरू नका. जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओलावल्या की बदला. ऊन दाखवायचं तर सावलीतलं वारं पुरे, थेट उन्हात कडा पिवळ्या पडतात.

रातराणी
मोठ्यांसाठीच्या नियतकालिकांतलं अजून कुणी सुचवलेलं नाही. माकोतो युकिमुरांची 'विनलँड सागा' (२००५ ते २०२५, पूर्ण), सातोरु नोडांची 'गोल्डन कामुय' (२०१४ ते २०२२, ३१ खंड, पूर्ण), आणि ताकेहिको इनोउएंची 'वॅगाबाँड'.

शाईदौत
रातराणी, तिन्ही उत्तम, पण 'पहिली मालिका' म्हणून प्रत्येकीला एक अडचण आहे.

वॅगाबाँड ३७ खंडांवर २०१५ पासून थांबलेली आहे. चित्रं अप्रतिम, पुढे पुढे इनोउए निब सोडून कुंचल्याने काढायला लागतात आणि तलवारीचा एक झटका एकाच फटकाऱ्यात दिसतो. पण अपूर्ण.

विनलँड सागा सात खंडभर तुफान लढते, आणि आठव्यात प्रस्तावना संपून नायक शेतावर गुलाम म्हणून येतो. पुढे कितीतरी खंड नांगरणी, पेरणी, पश्चात्ताप. मालिकेचा प्राण तिथेच आहे, पण अ‍ॅक्शनच्या अपेक्षेने आलेला नवा वाचक तिथे पुस्तक मिटेल. साप्ताहिकातून मासिकात गेल्यावर युकिमुरांना वेळ मिळाला तो रेखाटनात दिसतो: प्रत्येक होडी, प्रत्येक कुंपण.

गोल्डन कामुय मात्र दुसरी मालिका म्हणून नक्की. रशिया-जपान युद्धानंतरचं होक्काइदो, लपवलेलं सोनं, आणि नकाशा कैद्यांच्या अंगावर गोंदलेला. तिथल्या मूळ रहिवाशांच्या आयनू भाषेसाठी हिरोशी नाकागावा हे अभ्यासक सल्लागार होते. शिकार कशी करावी, सापळा कसा लावावा, मांस कसं शिजवावं हे इतकं तपशिलात येतं की लढाईतलं शरीर खरं वाटायला लागतं. विनोद मात्र पूर्ण प्रौढ, हे धरून चाला.

मुळामुठा
बर्सर्क?

तिरकी_चौकट
पहिली नको, मुळामुठा. केंतारो मिउरांची मालिका १९८९ ची, चित्रकलेत तिच्या तोडीचं फार थोडं आहे. पण लैंगिक हिंसाचार आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. पानगळ यांनी 'उगाच नको' म्हटलंय. इथे उगाच नाही, पण जड आहे. शिवाय २०२१ मध्ये मिउरा गेले, आता त्यांचे मित्र कौजी मोरी यांच्या देखरेखीखाली त्यांचा स्टुडिओ ती पुढे नेतोय. म्हणजे अजून अपूर्ण. घ्यायचीच झाली तर डार्क हॉर्स प्रकाशनाची मोठ्या आकाराची तीन-एकत्र आवृत्ती घ्या, त्या रेषांना तेवढं पान लागतंच.

मुळामुठा
पटलं. मग छोटी आणि झणझणीत हवी असेल तर चेनसॉ मॅनचा पहिला भाग. ११ खंड, ९७ प्रकरणं, शेवट स्वच्छ.

भिंगरी
छोटी आहे, पण तिचे लेखक फुजिमोतो बऱ्याचदा वारच दाखवत नाहीत. आधीची चौकट शांत, पुढच्या चौकटीत सगळं संपलेलं. नेहमीची अ‍ॅक्शन वाचून झाल्यावर हे जबरदस्त वाटतं, आधीच वाचलं तर पान हरवलं की काय असं वाटतं. तिसरी-चौथी मालिका म्हणून ठेवा. जुजुत्सु कायसेनही नंतर. २०२४ मध्ये ती ३० खंडांत पूर्ण झाली, पण उत्तरार्धातल्या नियमांच्या लांबलचक स्पष्टीकरणांनी नवा वाचक दमतो.

अर्धविराम
अवांतर: जुन्या इंग्रजी आवृत्त्या घेताना सावध. पूर्वी पाश्चात्त्य वाचकांसाठी पानं आरशासारखी उलटी करून छापत. त्यात सगळे सामुराई डावखुरे होतात. 'लोन वुल्फ अँड कब'ची डार्क हॉर्स आवृत्ती तशी आहे, २८ छोटे खंड. हिरोआकी सामुरांच्या 'ब्लेड ऑफ द इमॉर्टल'मध्ये मात्र पान न उलटवता चौकटी कापून नव्या क्रमाने लावल्या. नायकाच्या पाठीवर स्वस्तिकासारखं चिन्ह आहे, पान उलटलं असतं तर त्याची दिशाच फिरली असती. पण चौकटी हलवल्या की तिरकी_चौकट यांनी वर सांगितलेलं डोळ्याचं वळण बिघडतं. नव्या वाचकाने उजवीकडून वाचायची आवृत्तीच घ्यावी.

कोकणकडा
म्हणजे तिरकी_चौकट यांच्या चौकट्याच हलवल्या तर!

एचबी_पेन्सिल
अकिरा राहिली. कात्सुहिरो ओतोमो, १९८२ ते १९९०, फक्त ६ खंड, पण दोन हजारांवर पानं. १९८८ चा चित्रपट मंगा पूर्ण होण्याआधी आला, त्यामुळे उत्तरार्ध पुस्तकातच वाचायला मिळतो. इमारती कोसळताना काँक्रीटचा प्रत्येक तुकडा कुठून सुटला ते दिसतं. खंड महाग आणि जड आहेत; वाचनालयात मिळाली तर सोडू नका.

पानगळ
सगळ्यांचे मनापासून आभार. पुन्हा मूळ प्रश्नावर येते. ठरवलंय: फुलमेटल छापील, आणि सोबत ड्रॅगन बॉलचे पहिले सोळा खंड अ‍ॅपवर, चित्र वाचायच्या सरावासाठी. मग गोल्डन कामुय. दोन शंका. फुलमेटलचे दोन अ‍ॅनिमे दिसतात, त्यातला एखादा आधी बघू का? आणि एका बैठकीत किती वाचावं?

शाईदौत
आधी एकही नको. २००३ चा अ‍ॅनिमे आला तेव्हा मंगा अर्ध्यातच होती, म्हणून त्याची कथा पुढे वेगळ्या वाटेने गेली. २००९ चा 'ब्रदरहूड' मंगाला धरून आहे. मंगा संपवून ब्रदरहूड बघा. २००३ चा सगळ्यात शेवटी, वेगळी गोष्ट म्हणून.

बैठकीचं म्हणाल तर फुलमेटल मासिकात येत असे. एकेक प्रकरण चाळीसच्या वर पानांचं, एका खंडात साधारण चार. एका वेळी एक खंड हे माप बरोबर बसतं. ड्रॅगन बॉल साप्ताहिकातलं, प्रकरण साधारण पंधरा पानांचं आणि शेवटच्या पानावर हमखास खेच. तिथे थांबायचं ठरवून थांबता येत नाही. त्यापेक्षा पुढच्या प्रकरणाची पहिली पाच-सहा पानं वाचा, ताण सुटला की तिथे खूण घाला.

भिंगरी
आणि फुलमेटलच्या प्रत्येक खंडाच्या शेवटी अराकावांची चार चौकटींची विनोदी चित्रं असतात. त्याच खंडातल्या प्रसंगांवर असतात, म्हणून ती आधी उघडू नका. खंड संपवूनच वाचा. इंग्रजी पुस्तक सवयीने डावीकडून उघडलं की नेमकी तीच पानं आधी समोर येतात, तेवढं सांभाळा.